मगनवाडीचे सोयाबीन आणि घरचा टोफू

प्रास्ताविक

दिल्लीत सोया चाप गल्लोगल्ली भाजली जाते आणि सोयावडी बहुतेक किराणा दुकानांत मिळते. त्याच सोयाबीनपासून होणारा टोफू मात्र आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांपुरता राहिला. एकीकडे लातूर, वाशीम, अमरावतीचा शेतकरी खरिपात सोयाबीन पेरतो, पण त्याच्या घरच्या ताटात ते क्वचितच दिसते. हे असे का झाले, हा या टिपणाचा विषय आहे. त्यासाठी 1935 सालच्या वर्ध्यापासून सुरुवात करू.

वर्धा, 1935

डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या बागेत त्याचे काम सुरू झाले. मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. जे. सी. कुमारप्पा संघाचे कार्यवाह होते.

गांधीजींच्या दृष्टीने आहार हा ग्रामोद्योगाचाच भाग होता. शिवाय त्यांचा एक जुना प्रश्न होता. 1912 मध्ये त्यांनी दूध सोडले आणि पुढे आजारपणात शेळीचे दूध घेणे भाग पडले. दुधाइतका पोषक आणि पचायला सोपा वनस्पतिजन्य पर्याय कोणाला माहीत असेल तर कळवावा, असे आवाहन त्यांनी आत्मकथेतही केले आहे. मगनवाडीतल्या सामुदायिक जेवणात सोयाबीनचा प्रयोग झाला तो या पार्श्वभूमीवर.

प्रयोगाची माहिती आली बडोद्याहून. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात अन्न-पाहणीचे स्वतंत्र कार्यालय होते. त्याने सोयाबीनवर गुजरातीत एक पत्रक काढले होते आणि त्याचा सारांश 1935 मध्ये ‘हरिजन’मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, बडोद्याचेच एफ. एस. काळे यांचे सोयाबीनचे आहारमूल्य, लागवड आणि उपयोग या विषयावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

सोयाबीन भारताला अगदीच परके होते असे मात्र नाही. कुमाऊंमध्ये काळे ‘भट’ खाल्ले जात होते. नागालँडचे अखुनी, मणिपूरचे हवाईजार, मेघालयाचे तुंगरिंबाई, सिक्कीमचे किनेमा हे सगळे आंबवलेल्या सोयाबीनचेच पदार्थ आहेत. मैदानी प्रदेशाला मात्र ही परंपरा नव्हती. तिथे सोयाबीन डाळीसारखे शिजवून पाहिले गेले. डाळ म्हणून ते कच्चेच पडते: लवकर मऊ होत नाही, उग्र वास येतो आणि नीट न शिजल्यास पचत नाही.

चीनने काढलेली वाट

या तिन्ही अडचणींवर चीनने फार पूर्वी एकच उपाय शोधला. दाणा भिजवायचा, वाटायचा, त्याचे दूध काढून उकळायचे आणि ते साकळवायचे. टोफूचे श्रेय दंतकथा इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या लिऊ आन या राजपुत्राला देते. निश्चित लेखी उल्लेख मात्र इ.स.च्या दहाव्या शतकातला आहे. पुढे हा पदार्थ जपानमध्ये गेला. 1910 च्या सुमारास ली यूयिंग यांनी पॅरिसजवळ टोफूचा कारखानाही काढला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. चीन-जपानमध्ये टोफू रोज घरोघरी होत नसे. पहाटे उठून तो करणारा वस्तीतला कारागीर असे आणि गिऱ्हाईक ताजी वडी विकत नेई. तासभर ओले वाटण वाटायचे, मोठे पातेले उकळायचे, फडक्यातून पिळून काढायचे, हे काम एका कुटुंबाच्या पाव किलोसाठी परवडत नाही. आपल्याकडे पाट्या-वरवंट्याचे कष्ट बाईच्या वाट्याला येत. त्यामुळे पाककृती छापून आली तरी ती रोज करणार कोण, हा प्रश्न उरलाच. ग्रामोद्योग संघाने तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद यांसाठी अवजारे सुधारली, कारागीर शिकवले. सोयाबीनभोवती तसा उद्योग उभा राहिला नाही. दाणा आणि माहिती गावापर्यंत पोहोचली, पण टोफूवाला पोहोचला नाही.

पीक आले, पदार्थ नाही

1960 च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर काम केले. 1967 मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. माळव्यातली काळी जमीन पावसाळ्यात पडीक असे, तिथे हे पीक बसले आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यात पसरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस’ नावाचे वाण दिले.

पण पिकामागची मागणी तेलगिरण्यांची होती. दाण्यात साधारण 18 ते 20 टक्के तेल आणि 40 टक्के प्रथिने असतात. तेल काढून उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशात जाते. म्हणून सोयाबीनचा भाव खाद्यतेलाची आयात आणि पेंडीची निर्यात यांवर हलतो. 2024-25 च्या खरिपात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात अनेक शेतकऱ्यांना त्याहून कमी भावात माल विकावा लागला. गावात दाण्याला दुसरे गिऱ्हाईकच नसेल, तर शेतकऱ्याला थांबता येत नाही.

घरी करून पाहण्यासाठी

पाव किलो पिवळे सोयाबीन 8 ते 10 तास भिजवावे. साले चोळून काढावीत. गरम पाण्यात वाटल्यास उग्र वास कमी येतो, कारण तो निर्माण करणारे विकर उष्णतेने निष्क्रिय होते. एकूण सुमारे 2 लिटर पाणी वापरावे. मिश्रण ढवळत उकळावे आणि उकळी आल्यावर मंद आचेवर 10 मिनिटे ठेवावे. फेस वर येतो, म्हणून पातेले मोठे घ्यावे. धुतलेल्या खादीच्या फडक्यातून पिळून गाळावे.

दूध 75 ते 80 अंश सेल्सिअसवर असताना दोन-तीन मोठे चमचे लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घालावा. उष्णतेने उलगडलेली प्रथिने आम्लामुळे एकमेकांना चिकटतात. जिप्सम वापरल्यास हेच काम कॅल्शियमचे आयन करतात, तर मीठ काढल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षारही त्यासाठी चालतात. जिप्सम किंवा क्षार घ्यायचे तर खाण्यायोग्य प्रतीचेच घ्यावेत. साका फडक्यात बांधून छिद्रांच्या डब्यात ठेवावा आणि अर्धा तास वजनाखाली दाबावा. साधारण 350 ते 450 ग्रॅम टोफू मिळतो. उरलेला चोथा थालीपिठात जातो आणि निवळ पाण्यात कणीक मळता येते.

समारोप

1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला. त्या दृष्टीने पाहिले तर लिंबू आणि खादीचे फडके वापरल्याने टोफू शाश्वत ठरतोच असे नाही. दाणा कुठून आला, सरपण किती लागले, चोथ्याचे काय झाले आणि कष्ट कोणी केले, हा सगळा हिशेब मांडावा लागतो. आज वाटायला मिक्सर आहे, दाणा विदर्भातच पिकतो. 1935 मध्ये राहिलेला दुवा, म्हणजे गावातला छोटा टोफूवाला, आता तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. तो परवडेल का, हे मात्र गिऱ्हाइकावर अवलंबून आहे.

विचारासाठी प्रश्न

1. पनीर घरोघरी होते, मग टोफू का नाही? कच्चा माल, श्रम आणि चव या तीन अंगांनी उत्तर लिहा.
2. दिवसाला 10 किलो सोयाबीनवर चालणाऱ्या गावातल्या टोफूघरासाठी पाणी, इंधन आणि चोथा यांचा ताळेबंद मांडा.
3. तेलगिरणीऐवजी गावातच दाणा विकला गेला, तर शेतकऱ्याच्या सौदाशक्तीत काय फरक पडेल?