नकाशावरचा बाण

शाळेच्या पुस्तकात आदिमानव बहुतेक मुलांना दोन चित्रांतून भेटतो. पहिल्या चित्रात पाच-सहा आकृत्या एका रांगेत चालल्या आहेत. डावीकडे हात टेकून चालणारे माकड, उजवीकडे ताठ मानेचा माणूस. दुसरे चित्र म्हणजे जगाचा नकाशा. आफ्रिकेतून एक जाड बाण निघतो, अरबस्तान ओलांडतो, भारताच्या किनाऱ्याला वळसा घालून ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. त्याचाच एक फाटा सैबेरियातून अमेरिकेत उतरतो. दोन्ही चित्रे शिक्षकाच्या सोयीची आहेत. तास अर्ध्या-पाऊण तासाचा, समोर भरलेला वर्ग आणि सांगायचा काळ लाखो वर्षांचा. अशा वेळी चित्राचा आधार घ्यावाच लागतो. प्रश्न एवढाच की प्रकरण संपल्यावर मुलाच्या डोक्यात काय उरते. रांगेतून आणि बाणातून दोन समजुती उरतात, आणि पुढे त्या जिवंत माणसांना लावल्या जातात. म्हणून या चित्रांकडे जरा थांबून पाहायला हवे.

रांगेचे चित्र तसे अलीकडचे. १९६५ साली टाइम-लाइफच्या पुस्तकमालेत आदिमानवावरचे पुस्तक निघाले. त्यासाठी रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने पंधरा आकृत्यांची लांब, घडीची पट्टी काढली. नंतर तिच्या इतक्या नकला झाल्या की जाहिरातींत आणि व्यंगचित्रांतही ती दिसू लागली. पाहणाऱ्याला वाटते की रांगेतला प्रत्येक जण पुढच्याचा बाप, आणि आपण शेवटी उभे म्हणजे सगळ्यांच्या पुढे. पुरावा असे सांगत नाही. टांझानियात लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. ती दोन पायांवर चालणाऱ्यांची आहेत, पण आपल्या प्रजातीची नव्हेत. आपल्या प्रजातीचे सर्वांत जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोत जेबेल इरहूदला मिळाले. ते सुमारे ३ लाख वर्षांचे. त्यानंतरही पृथ्वीवर आपण एकटे नव्हतो. युरोपात निअँडरथल, आशियात डेनिसोव्हन, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीचा माणूस, असे अनेक मानव एकाच काळात नांदत होते. २०१० मध्ये निअँडरथलचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकांत त्यांचाही थोडा, साधारण दोन टक्क्यांचा वाटा असल्याचे कळले. हे काम करणाऱ्या स्वांते पेबो यांना २०२२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा मुलांना रांगेऐवजी झाड दाखवायला हवे, आणि तेही असे की ज्याच्या फांद्या वेगळ्या होऊन पुन्हा कुठे कुठे एकमेकींत गुंतल्या आहेत. पारंब्यांचा वड पाहिलेल्या मुलाला हे समजावणे अवघड नाही.

‘आदिमानव’ हा शब्दही रांगेइतकाच सैल आहे. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला मद्रासजवळ पल्लावरम येथे एक दगडी हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. चेन्नईच्या वायव्येला असलेल्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडींचे वय शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सुमारे १५ लाख वर्षे ठरवले. नेवासे हे गाव मराठी मुलाला ज्ञानेश्वरीमुळे माहीत असते. त्याच प्रवरेच्या काठी, चिरकी येथे, गुड्रुन कॉर्विनस यांनी १९६० च्या दशकात उत्खनन करून लाखो वर्षांपूर्वीची अशीच हत्यारे बाहेर काढली. ही हत्यारे घडवणारे हात आपल्या प्रजातीचे नव्हते. आता चाळीसगावजवळचे पाटणे पाहा. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. खानदेशात तेव्हा शहामृग हिंडत होते, आणि त्यांच्या अंड्याच्या टरफलाला भोक पाडून कुणीतरी ते दोऱ्यात ओवत होते. मणी ओवणारी ती माणसे शरीराने आणि बुद्धीने आपल्यासारखीच होती. अत्तिरमपक्कम आणि पाटणे यांच्यामध्ये जवळजवळ १५ लाख वर्षे आहेत. पुस्तकातला पाने गुंडाळलेला, हातात सोटा घेतलेला एकच गृहस्थ या दोन्ही ठिकाणी उभा केला जातो.

आता बाण. स्थलांतर म्हटले की मुलाला आपल्या ओळखीचे स्थलांतर आठवते. बीडकडच्या मुलाला दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याकडे निघणारी ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे आठवतील. बिहारच्या मुलाला मुंबईची गाडी. या प्रवासाला निघण्याचे गाव असते, पोहोचण्याचे ठिकाण असते, कारण ठाऊक असते. बाण हीच कल्पना साठ-सत्तर हजार वर्षे मागे नेतो, आणि जणू कुणीतरी इथिओपियातून ऑस्ट्रेलियाला जायला निघाले असे वाटू लागते.

वर्गात एक हिशेब करून पाहावा. समजा किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्व आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे अंतर १६ हजार किलोमीटर धरले आणि वेळ १० हजार वर्षे. वर्षाला १.६ किलोमीटर झाले. एक पिढी २५ वर्षांची, तर पिढीमागे ४० किलोमीटर. आळंदीहून निघालेली पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरची पंढरपूरची वाट अठरा-वीस दिवसांत चालते. म्हणजे दिंडीतली आजी तीन दिवसांत जेवढे चालते, तेवढे सरकायला त्या माणसांना एक पिढी लागली. प्रत्यक्षात चाल अशी सारखी नव्हती. कधी एखादा गट भराभर पुढे गेला असेल, कधी हजारो वर्षे एकाच खोऱ्यात राहिला असेल. कित्येक गट मागे वळले, कित्येक संपले. पण हिशेबाने एक गोष्ट पक्की होते. त्यांतल्या कुणालाही आपण स्थलांतर करतो आहोत असे वाटले नसणार. मुलगा बापापेक्षा एक डोंगर पलीकडे शिकारीला गेला आणि तिथेच राहिला, एवढेच घडत होते.

बाणाचा दुसरा दोष असा की तो आजच्या नकाशावर काढलेला असतो. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरचे पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. त्याआधीची हजारो वर्षेही तो बराच खाली होता. मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर ‘मुंबई हाय’च्या तेलविहिरी आहेत, तिथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे हिमयुगात तिथपर्यंत कोरड्या पायांनी जाता आले असते. श्रीलंका तेव्हा बेट नव्हती. सुमात्रा, जावा आणि बोर्निओ आशियाला जोडलेले होते. सैबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये जमीन होती. त्या माणसांनी ज्या किनाऱ्यांवर शिंपले गोळा केले, ते किनारे आज पाण्याखाली आहेत, आणि किनाऱ्याच्या वाटेचे पुरावे इतके कमी मिळतात त्याचे हे एक मोठे कारण आहे. इतिहासाच्या तासाला बाण आणि भूगोलाच्या तासाला हिमयुग असे वेगळे शिकवले तर हा दुवा मुलाच्या हाती लागतच नाही.

हे दोन तास एकत्र आले की काय होते, याचा एक सुंदर दाखला आहे. समुद्र कितीही उतरला तरी बाली आणि लोम्बोक या बेटांमधली खोल सामुद्रधुनी कोरडी पडली नाही. एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना तिच्या दोन बाजूंचे पशुपक्षी वेगळे दिसले, ते याचमुळे. आशियातला वाघ बालीपर्यंत पोहोचला; पलीकडे गेला नाही. माणूस मात्र निदान ५० हजार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात होता. मग तो गेला कसा? त्या काळातली एकही होडी किंवा तराफा सापडलेला नाही. तरी पाणी ओलांडण्याचे काही साधन होते हे नक्की, कारण मधला समुद्र तसे सांगतो. सहावीतल्या मुलांपुढे खोली दाखवणारा नकाशा ठेवला आणि हा प्रश्न विचारला, तर उत्तर त्यांचे ती काढू शकतात. पुरावा नसतानाही अनुमान कसे करायचे आणि ते कुठे थांबवायचे, हे शिकण्यासाठी याहून चांगला धडा मिळणे कठीण.

जिथे तज्ज्ञांचेच एकमत नाही, तेही लपवू नये. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याची राख भारतभर पडली. आंध्र प्रदेशात तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यातील ज्वालापुरम येथे राखेच्या थराखाली आणि वरही दगडी हत्यारे मिळाली. राखेखालची हत्यारे आपल्या प्रजातीची की आधीच्या मानवांची, यावर अजून वाद आहे. बाण हा वाद झाकून टाकतो.

या दोन चित्रांची किंमत कोण मोजते? आपल्या भाषेत ‘आदिमानव’ आणि ‘आदिवासी’ हे शब्द शेजारी आहेत, आणि पुस्तकातल्या चित्रात धनुष्य, पाने आणि काळा रंग यांमुळे ते आणखी जवळ येतात. रांग मनात बसलेले मूल सहज समजते की काही माणसे रांगेत मागेच राहिली. आश्रमशाळेतून शहरातल्या वर्गात आलेल्या मुलाला हे ऐकावे लागते. अंदमानच्या सेंटिनेली लोकांबद्दल वर्तमानपत्रेही ‘अश्मयुगातील जमात’ असे बेधडक लिहितात. हे लोक फुटलेल्या जहाजांचे लोखंड वापरून बाणांची टोके करतात, आणि आफ्रिकेतून निघाल्याला मुंबईकराला जेवढी वर्षे झाली तेवढीच त्यांनाही झाली आहेत. आज जिवंत असलेला प्रत्येक माणूस त्या झाडाच्या टोकावरच आहे. बुंध्यावर कुणीही राहत नाही.

बाणाची समजूत दुसऱ्या टोकाची. बाण जिथे टेकला तिथले ते मूळचे, नंतर आले ते बाहेरचे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासांतून दिसते की आजच्या बहुतेक भारतीयांत पहिले रहिवासी, प्राचीन इराणकडच्या लोकांशी नाते असलेले लोक आणि नंतर आलेले गवताळ प्रदेशातले पशुपालक, यांचे अंश कमीअधिक प्रमाणात मिसळलेले आहेत. कुठल्याच जातीला शुद्धतेचा दावा करता येणार नाही. पण इथेही सावध राहायला हवे. ‘शेवटी सगळेच बाहेरचे’ हे वाक्य आदिवासींचा जमिनीवरचा हक्क उडवून लावण्यासाठीही वापरले जाते. तो हक्क साठ हजार वर्षांवर उभा नाही. २००६ चा वनहक्क कायदा ऐतिहासिक अन्यायाची कबुली देतो, ती जंगलात राहणाऱ्यांची, तिथे कसणाऱ्यांची जमीन सरकारी कागदावर कधी नोंदलीच गेली नाही, यासाठी. अश्मयुग आणि सातबारा हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलालाही ते वेगळे ठेवता येतात.

पुस्तक बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. मुलांना कोरा नकाशा द्यावा. त्यावर आधी हिमयुगातला किनारा काढायला लावावा, मग अत्तिरमपक्कम, चिरकी, ज्वालापुरम, पाटणे असे एकेक ठिकाण त्याच्या वयासह मांडायला सांगावे. ठिपक्यांच्या मध्ये मोकळी जागा खूप राहील. ती तशीच राहू द्यावी, आणि बाण काढायची घाई करू नये.