वर्ष कोठे संपते? : मराठी ख्रिस्ती लेखकांच्या आत्मपरीक्षणाचा इतिहास

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगाव आणि त्याच्या सभोवतालचा बिलोली-देगलूरचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. या प्रदेशात वर्ष एकाच दिवशी संपत नसे. शेतसाऱ्याचे आणि कचेरीचे वर्ष फसली. ते ऑक्टोबरच्या आरंभी, आजुर महिन्यापासून सुरू होई. पंचांगातले शालिवाहन शक चैत्री पाडव्याला बदले, दुकानदाराची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला पूजली जाई आणि हिजरी सन चंद्राच्या गतीने वेगळाच फिरे. मराठवाड्यातील ज्या वस्त्यांत ख्रिस्ती धर्म पोहोचला, तेथे यात आणखी एका वर्षाची भर पडली. चर्चचे उपासनावर्ष ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी, आगमनकाळाने उघडते. तर इंग्रजी वर्ष ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री प्रार्थनेत संपते. इतकी वर्षे एकाच अंगणात नांदत असताना ‘सरत्या वर्षाचा हिशेब’ म्हणजे नेमका कोणत्या वर्षाचा हिशेब, हा प्रश्न केवळ कालगणनेचा राहत नाही. मराठी ख्रिस्ती लेखकाच्या बाबतीत तो आत्मजाणिवेचा आणि म्हणून वाङ्मयाचाही प्रश्न ठरतो.

वर्षअखेरचे आत्मपरीक्षण हे मिशनऱ्यांबरोबर आलेले व्रत आहे, अशी समजूत सहज होऊ शकते. तिला आधारही आहे. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये कराराच्या नूतनीकरणाची उपासना सुरू केली. विश्वासणाऱ्याने ठरावीक काळाने आपले आयुष्य तपासून देवाशी केलेला करार पुन्हा उच्चारावा, ही तिच्यामागील कल्पना. पुढे ही उपासना नववर्षाशी निगडित झाली. निजामी राज्यात अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनचे काम असल्याने ही परंपरा मराठवाड्यालाही परकी राहिली नाही. परंतु ज्या भाषेत ती येथे रुजली, त्या भाषेजवळ रात्र जागवून देवापुढे स्वतःला उघडे करण्याची स्वतःची रीत होती. एकादशीचा जागर, कीर्तनाच्या आरंभीचे नमन, आपले दोष आपणच मोजणारी वारकरी संतांची करुणापर वाणी ही सारी सामग्री मराठी मनाच्या ओळखीची होती. ‘जमा’, ‘खर्च’, ‘बाकी’ हे वहीतले शब्द परमार्थातही चालत होते. तेव्हा मराठी ख्रिस्ती लेखकाला आत्मपरीक्षणाचा प्रसंग नवा मिळाला असेल, त्याची भाषा मात्र त्याला घरातच सापडली.

या गोष्टीचा पहिला मोठा पुरावा गोव्यात मिळतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे क्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने बायबलमधील कथा पुराणाच्या घाटात आणली. धर्म बदलला तरी श्रवणाची भूक बदलत नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते. मात्र क्रिस्तपुराणात श्रोत्याला सृष्टीच्या आरंभापासून तारणापर्यंतचा काळ सांगितला जातो. त्या श्रोत्याचा स्वतःचा काळ तेथे नाही. धर्मांतरित माणसाने ‘माझ्या आयुष्यात हे कोणत्या दिवशी घडले’ असे विचारावे, यासाठी मराठीला एकोणिसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

ती वाट मुद्रणाने मोकळी केली. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू केलेल्या ज्ञानोदयाने नियतकालिकाचे वर्ष मराठी ख्रिस्ती समाजाला दिले. याच पिढीतील बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या लेखनात आत्मपरीक्षणाच्या दोन वाटा स्वच्छ दिसतात. १८५७ मधील यमुनापर्यटन हिंदू विधवांच्या स्थितीचे निरीक्षण करते. मराठीतील आरंभीची कादंबरी म्हणून तिचे स्थान मान्य झालेले आहे. तीत परीक्षण आहे, पण ते समाजाचे; आणि परीक्षकाचा निर्णय आधीच ठरलेला आहे. जेथे नायिका पाहते आणि ऐकते तेथे कादंबरी जिवंत होते. जेथे लेखक निकाल वाचू लागतो तेथे ती प्रवचनाकडे झुकते. याउलट अरुणोदय या आत्मचरित्रात पदमनजींनी तोच दिवा स्वतःवर धरला. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा लेखक तीन दशके उलटून गेल्यावर मागे पाहतो आणि आपल्या संशयांचे, भीतीचे, घरच्यांच्या ओढीचे वर्णन करतो. विशेष असे की, या ग्रंथाचा भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या पूर्वायुष्यावर आहे. मधल्या कर्तृत्वाच्या वर्षांना त्यात महत्त्वाचे स्थान नाही. शीर्षकातच सूचित झाल्याप्रमाणे लेखकाच्या दृष्टीने रात्र संपली तो क्षण हाच कथनाचा शेवट. पंचांगातील वर्ष आणि जीवितातील वर्ष वेगळे असते, ही जाणीव मराठी आत्मचरित्राने येथे प्रथम ठळकपणे नोंदवली.

परंतु पहाट झाली म्हणजे दिवस निर्मळ जाईलच, असे नाही. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हा पुढचा प्रश्न विचारला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत मात्र त्यांनी स्पष्ट केले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे. ही उणीव पुढे काही वर्षांनी लक्षात आली. जगाने ज्या दिवसाला त्यांचे धर्मांतर मानले, त्या दिवसाचीच त्यांनी फेरतपासणी केली. पदमनजींच्या कथनाला ठाम शेवट आहे, रमाबाईंच्या साक्षीत शेवट पुढे सरकतो. धर्मांतर ही एकदा बंद केलेली वही नव्हे, ती पुन्हा उघडावी लागते, हा या साक्षीचा आशय मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात फार मोलाचा आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (मृत्यू १९१९) चरित्रात ही पुन्हा उघडलेली वही कृतीत उतरली. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. ख्रिस्ती उपासनेत मराठी भजन-कीर्तनाचा सूर रुजवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तचरणी आलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. तिच्याकडे अनेकदा समन्वयाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. पण तुकोबांकडून टिळकांनी जे घेतले ते केवळ अभंगाचे माप नव्हते. स्वतःशी चाललेला वाद देवासमोर बोलण्याचे धैर्य त्यांनी घेतले. त्यामुळेच मिशनची चाकरी हीच आपली सेवा आहे काय, हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनशी असलेला नोकरीचा संबंध सोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे एकत्र बसता यावे, अशी ही योजना होती. दोन वर्षांच्या आत टिळकांचे निधन झाल्याने ती संस्था म्हणून उभी राहू शकली नाही. तिचे वाङ्मयीन महत्त्व मात्र कमी होत नाही. अभंगांजलीतील कवी स्वतःच्या उणेपणाशी बोलतो तेव्हा त्याच्यामागे पद, पगार आणि सुरक्षितता यांचा हिशेब चुकता करून उठलेला माणूस आहे, हे विसरून त्या रचना वाचता येत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) या साऱ्या परंपरेला अनपेक्षित वळण दिले. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र आल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या स्मृतिचित्रांच्या चार भागांत धर्मांतरासारखा दारुण प्रसंग आहे, परंतु साक्षीचा ठरलेला स्वर नाही. सोवळ्याओवळ्याची स्वतःची सवय, राग, अडाणीपणा, फजिती हे सारे त्या हसत सांगतात. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर आचरणात आणले. पण त्या उत्तराची पताका त्यांनी उभारली नाही. आत्मपरीक्षणात अहंकार शिरण्याचा मोठा धोका असतो. आपल्या पापाचे वर्णन करतानाही लेखक आपले मोठेपण सुचवू शकतो. लक्ष्मीबाईंच्या विनोदाने तो दरवाजा बंद केला. टिळकांच्या मृत्यूने अपुऱ्या राहिलेल्या ख्रिस्तायनाची बहुतेक प्रकरणेही त्यांनीच रचली. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य पुढे नेण्यात केवळ निष्ठा नाही. दुसऱ्याने अर्ध्यावर सोडलेले वर्ष आपले मानून पुरे करण्याची वृत्ती त्यात आहे.

पदमनजींपासून लक्ष्मीबाईंपर्यंतचा हा आलेख पाहिल्यावर एक निकष हाती येतो. मराठी ख्रिस्ती साहित्याला ‘प्रचारी’ म्हणून बाजूस ठेवण्याची समीक्षेची सवय जुनी आहे. स्मृतिचित्रांचा गौरव करतानाही पुष्कळदा त्यांतील श्रद्धेचा भाग वगळून कौटुंबिक आणि विनोदी भाग तेवढा उचलला जातो. प्रत्यक्षात प्रचार आणि साहित्य यांतील सीमा श्रद्धेच्या असण्या-नसण्यावर अवलंबून नाही. परीक्षणाचा रोख कोणाकडे आहे, यावर ती ठरते. लेखक वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो तेव्हा शब्द सुकतात; तो स्वतः तेथे उभा राहतो तेव्हा श्रद्धा हीच अनुभवाला खोली देते. हाच निकष संतकवितेलाही लागू पडतो आणि म्हणून मराठी ख्रिस्ती लेखन हा वेगळा कप्पा न राहता मराठी भक्तिवाङ्मयाच्या इतिहासाचा भाग ठरते.

मात्र या निकषाची कसोटी मराठवाड्यात लागते. जालन्याजवळ नारायण शेषाद्री (मृत्यू १८९१) यांनी हैदराबाद संस्थानाकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. शेषाद्री ब्राह्मण, तेथे आलेली माणसे मुख्यतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील. टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांच्यामागे ब्राह्मण घराण्यांचा आणि पदमनजींच्यामागे सुस्थित कासार कुटुंबाचा वारसा होता. वही कोणाची लिहिली गेली, हे यावरून उघड होते. ज्यांना जे सोडावे लागले त्याचे मोल समाजाने मानलेले होते, त्यांचे सोडणे आत्मचरित्राचा विषय झाले. ज्यांच्याजवळ सोडण्यासारखे काही नव्हते असे समाजाने गृहीत धरले, त्यांचे मिळवणे आणि गमावणे दोन्ही अलिखित राहिले. मराठवाड्यातील ग्रामीण ख्रिस्ती माणसाची साक्ष वर्षअखेरच्या उपासनेत उभे राहून सांगितली गेली, भजनात गाइली गेली आणि रात्रीबरोबर विरली. दुष्काळ, मजुरी, आजार, वाचलेले मूल, मिळालेले अक्षर हे तिचे विषय. वाङ्मयेतिहासाने तिची नोंद घेण्याजोगी साधनेच तयार केली नाहीत.

म्हणून जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, या घटनेकडे केवळ सन्मान म्हणून पाहून चालणार नाही. वसईच्या या धर्मगुरूने १९०३ पासून चालत आलेल्या ‘निरोप्या’ मासिकाचे संपादन दीर्घकाळ केले, सुबोध बायबल मराठीत आणले आणि हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरून भाग घेतला. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. धर्मगुरू मराठी साहित्याचा प्रतिनिधी कसा, असा त्याचा सूर होता. ज्या भाषेची आद्य संपदा संतांनी दिली, तिच्यात हा प्रश्न उद्भवावा, हे समीक्षेच्या अपुरेपणाचेच लक्षण. २०२४ मध्ये दिब्रिटो निवर्तले. प्रश्न मागे उरला आहे.

ख्रिस्ती उपासनावर्षाची एक विशेषता येथे लक्षणीय ठरते. ते इंग्रजी वर्ष संपण्यापूर्वीच, डिसेंबरच्या उंबरठ्यावर, सुरू झालेले असते. ३१ डिसेंबरच्या रात्री मागे वळून पाहणारा विश्वासणारा त्या क्षणी नव्या वर्षात कित्येक आठवडे चालून आलेला असतो. त्याचा हिशेब शेवटाच्या काठावरून नव्हे, आरंभाच्या आतून होतो. पदमनजींनी पहाटेपाशी लेखणी थांबवली, रमाबाईंनी तीच पहाट पुन्हा तपासली, टिळकांनी उतारवयात नवा दरबार मांडला आणि लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याचे अपुरे काव्य आपले केले. या चौघांच्या लेखनातील आत्मपरीक्षण असे आरंभाच्या आतून झालेले आहे. मराठवाड्यातील त्या अलिखित साक्षी जोवर ऐकल्या आणि टिपल्या जात नाहीत, तोवर मराठी वाङ्मयेतिहासाचे स्वतःचे वर्ष मात्र सरले असे म्हणता येणार नाही. त्याच्या वहीत मोठी बाकी ओढलेली आहे.