जुन्या वर्तमानपत्रांतून शेतकरी घराण्यांचा शोध

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे देवस्थानचा इतिहास लिहिला जातो. मूळ स्थान कोणते, मानकरी कोण, पालखी कोणत्या वाडीत केव्हा जाते, हे सर्व त्यात येते. परंतु ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या नव्या भाताची पहिली लोंबी देवापुढे ठेवली, त्या शेतकरी घरांचा इतिहास सहसा कोठे लिहिलेला नसतो. आजोबांचे नाव घरात सर्वांस ठाऊक असते, पणजोबांचे म्हाताऱ्या माणसांस. त्यापलीकडे कोणी सांगू शकत नाही. जिज्ञासूंना या कामी दोन साधने उपयोगी पडतात. एक सरकारी दप्तर व दुसरे जुनी वर्तमानपत्रे.

दप्तरातील नोंदी समजण्यास खोतीची पद्धत माहीत असावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक गावे खोतीची होती. सरकारचा सारा खोत भरी आणि कुळांकडून मक्ता किंवा अर्धेल वसूल करी. सन १८८० च्या खोती कायद्याने या देण्याघेण्यास लेखी स्वरूप आले. कुळाचे नाव, जमिनीचा नंबर व खोतास द्यावयाचे देणे यांची नोंद बोटखतात सापडते. नावापुढे ‘बिन’ असे लिहून बापाचे नाव दिलेले असते व आडनाव पुष्कळदा नसते. धोंडू, बाबू, रामा ही नावे घरोघर असल्याने एकच नोंद दोन घरे आपली समजतात. अशा वेळी वाडी, ठिकाणाचे नाव व बापाचे नाव ही तिन्ही जुळल्याखेरीज निर्णय करू नये.

दप्तर जमीन सांगते. माणूस कसा जगला हे त्यात नसते. तेथे वर्तमानपत्रे मदतीस येतात. मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातीलच. त्यांचे ‘दर्पण’ सन १८३२ मध्ये मुंबईस निघाले. पुढे रत्नागिरीत ‘जगन्मित्र’ व सन १८७१ पासून ‘सत्यशोधक’ ही पत्रे निघू लागली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाची स्थापना सन १८७३ मधील. तेव्हा नावावरून घोटाळा करू नये. विसाव्या शतकात रत्नागिरीचे ‘बळवंत’ प्रसिद्धीस आले.

या पत्रांत शेतकऱ्याचे नाव शोधू लागल्यास प्रथम निराशा होते. पहिल्या पानावर त्यास जागा नव्हती. लिहिणारे व वाचणारे बहुतेक शिकलेल्या घरचे होते. खोती कायद्याच्या दुरुस्तीचा वाद निघाला तेव्हा ‘केसरी’ने खोतांची बाजू मांडली. कुळाची बाजू छापून येण्यास पुढील काळ उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ सन १९२७ मध्ये व ‘जनता’ सन १९३० मध्ये सुरू झाले. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात सन १९३३ मध्ये चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला व तो सुमारे सहा वर्षे चालला. दि. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोती प्रत्यक्षात सन १९४९ च्या कायद्याने गेली. ज्या घरांकडे आज सातबारा आहे, त्यांनी या सालांतील अंक अवश्य पाहावेत. पूर्वजांचे नाव न मिळाले तरी त्यांचे दुःख काय होते ते कळते.

शेतकऱ्याचे नाव मिळण्याची जागा शेवटच्या पानांवर असते. जप्ती व लिलावाच्या नोटिसा, वारसाच्या जाहिराती, अपघातातील मृतांच्या याद्या, शाळेच्या किंवा देवळाच्या वर्गणीच्या याद्या अशा बारीक अक्षरांतच तो भेटतो. लिलावाच्या नोटिशीत आजोबांचे नाव दिसले म्हणून कोणी लाज बाळगू नये. त्या काळी कर्ज कोणाच्या घरी नव्हते? उलट त्याच नोटिशीत जमिनीच्या चतुःसीमा मिळाल्यास मोठा दुवा हाती लागतो.

घरातील बोलण्याला साल लावण्यासही ही पत्रे उपयोगी आहेत. ‘थोरले काका तापसरीत गेले’ असे कोणी सांगितल्यास सन १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ तपासून पाहावी. ‘प्लेगात मुंबई सोडून आले’ असे असल्यास सन १८९६ व त्यापुढील वर्षे पाहावीत. ‘रामदास बोट बुडाली त्या वर्षी जन्म’ म्हणजे सन १९४७, दि. १७ जुलै रोजी रेवसकडे निघालेली ती बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. गिरणी बंद पडून चाकरमानी घरी आला असेल, तर दि. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपाच्या बातम्या पाहाव्यात. जुन्या कागदावर शक असल्यास त्यात ७८ मिळवावे, म्हणजे बहुधा इसवी सन येतो. तसेच दि. १ मे १९८१ पूर्वी आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता, हे ध्यानात ठेवावे.

हे कागद मात्र कायमचे नाहीत. कोकणची दमट हवा व वाळवी यांनी कितीतरी पेट्या रिकाम्या केल्या. चिपळूणचे सन १८६४ पासूनचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर सन २००५ व सन २०२१ च्या पुरांत सापडले. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर सन १८२८ चे. अशा संस्थांत जाऊन जुने अंक पाहण्याचे काम तरुण मंडळींनी आताच हाती घ्यावे. माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत जुनी पावती, मनिऑर्डरची कुपने किंवा वर्तमानपत्राचा तुकडा सापडल्यास तो चुलीत घालण्यापूर्वी वाचून पाहावा.

प्रस्तुत स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी छापली जाते, ती अनेकजण केवळ आपले नाव पाहून मिटतात. शंभर वर्षांनी एखादा पणतू हीच यादी हाती घेऊन आपले घर शोधील. म्हणून यादीत नाव देताना देणगी अकरा रुपयांची असो वा अकरा हजारांची, प्रत्येकाने बापाचे नाव, आडनाव व वाडी पूर्ण लिहून द्यावी. घरातील आई, आजी व सासुरवाशिणींची नावेही द्यावीत, कारण जुन्या कागदांत ती फारच क्वचित आढळतात. जीर्णोद्धारासाठी घाम गाळणाऱ्या, पण पैसा देऊ न शकलेल्या माणसांची नावेही त्याच यादीत यावीत, म्हणजे पूर्वीच्या पत्रांत जी उणीव राहिली ती आपल्या गावाच्या स्मरणिकेत राहणार नाही.