लाखेचा किडा आणि नांवांची वही

दरेकसा हें सालेकसा तालुक्यांतील लहानसें गांव नागपूर-रायपूर लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या पूर्व सीमेजवळ आहे. कचारगडच्या गुहा व हाजरा धबधबा यांमुळें तें पुष्कळांस ऐकून माहीत असतें. परंतु पळस, बोर व कुसुम या रानांतल्या झाडांवर ज्या एका क्षुद्र जीवाचा संसार चालतो, त्याचा इतिहास राजेरजवाड्यांच्या इतिहासाहून कमी मनोरंजक नाहीं. तो जीव म्हणजे लाखेचा किडा होय.

हा किडा खवले-कीटकांच्या मोठ्या परिवारांतला. त्याचें तांबडें पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचें असतें. कोंवळी फांदी सांपडली कीं तें सोंड खुपसून तेथेंच बसतें व अंगाभोंवती राळेचें कवच चढवूं लागतें. मादीचे पाय पुढें नाहींसे होतात. ती जन्मभर जागची हलत नाहीं. जो प्राणी हलत नाहीं तो झाडाचाच अंश वाटावा, यांत नवल तें काय?

लाक्षा आपल्याकडे अथर्ववेदाइतकी जुनी, आणि लाक्षागृहाची कथा तर मुलांसहि ठाऊक. तरी ती निर्माण करणारा कोण, हा प्रश्न फार दिवस अनिश्चितच राहिला. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता यानें तिचें श्रेय मुंग्यांस दिलें. १७८१ सालीं जेम्स केर यानें किड्याचें शास्त्रीय वर्णन केलें, व पुढें 'केरिया' या वंशनामांत त्याचें नांव राहिलें. लाख लावणारे शेतकरी मात्र 'रंगिनी' व 'कुसुमी' असे दोन भेद मानीत आणि त्यांचे हंगामहि निरनिराळे ओळखीत. म्हणजे वर्गीकरण हें केवळ प्रयोगशाळेंतच जन्मास येतें असें नाहीं.

आरंभीं लाखेस किंमत होती ती तिच्या तांबड्या रंगामुळें. १८५६ नंतर कृत्रिम रंग निघाले व तो व्यापार बुडाला. पण राळेस नवें गिऱ्हाईक मिळालें. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. बालगंधर्वांचें गाणें घरोघरीं पोंचलें, त्यांत या मुक्या किड्याचाहि वांटा आहे! १९२४ सालीं रांचीजवळ नामकुम येथें लाखेची संशोधनसंस्था निघाली. तबकड्यांतून लाख गेली ती पुढें प्लास्टिक आल्यावर.

परंतु याच परिवाराची ओळख चुकली म्हणजे काय होतें, हेंहि इतिहासानें दाखविलें आहे. १७९५ सालीं किरमिजी रंगाच्या आशेनें ब्राझीलहून एक कीटक हिंदुस्थानांत आणला गेला. तो उत्तम रंगाचा किडा नव्हे, त्याचा भाऊबंद निघाला. रंग साधला नाहीं. उलट त्यानें एका जातीच्या निवडुंगाचा विस्तीर्ण प्रदेशांत फडशा पाडला. दुसऱ्या जातीच्या निवडुंगास मात्र तो शिवेना. त्यासाठीं १९२६ सालीं निराळी जात आणावी लागली. दोन किडे दिसण्यांत सारखे, पण भक्ष्य भिन्न!

याच्या उलट २००८ सालीं पपईवरचा पिठ्या ढेकूण कोइमतूर येथें आढळला. त्याची जात निश्चित झाल्यामुळें त्याचा नैसर्गिक शत्रूहि कळला, व २०१० सालीं तो आणून उपद्रव आटोक्यांत आला.

म्हणूनच ग्रीन यानें १८९६ पासून १९२२ पर्यंत सिंहलद्वीपाच्या खवले-कीटकांचे ग्रंथ प्रसिद्ध केले, रामकृष्ण अय्यर यांनीं दक्षिण हिंदुस्थानांतले नोंदले, आणि वार्ष्णेय यांनीं १९९२ सालीं दक्षिण आशियाची यादी दिली, तो उद्योग रुक्ष कारकुनी नव्हे. अशी वही जेथें अपुरी राहते, तेथें शेतकऱ्याचें नुकसान आधीं होतें व शत्रूचें नांव मागाहून समजतें. दरेकशाच्या पळसावरील एका फांदीची नोंद करणें हें देखील देशाच्या संपत्तीचा हिशेब मांडण्यासारखेंच आहे; आणि हिशेबांतली एक ओळ चुकली तर बेरीज चुकल्यावांचून राहत नाहीं.