जमिनीखाली कार्बन साठवायचा, तर आधी भेगा का शोधतात?

नागपूर : कोराडी, खापरखेड्याची वीज दगडी कोळशावर तयार होते. कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू पकडून खोल खडकात सोडता येतो. नागपूरच्या पश्चिमेला पसरलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, त्यासाठी अभ्यासला जातोय. आइसलँडमध्ये बेसाल्टात पाण्यासोबत सोडलेल्या वायूचा बहुतेक भाग दोन वर्षांत दगड झाला.

धोका काय?
खडक तुटून जिथे सरकलाय, त्या भेगेला भ्रंश म्हणतात. तिथे दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट दाबून असतात. आत पाण्याचा किंवा वायूचा दाब वाढला की पकड सैल होते, खडक सरकतो अन् जमीन हादरते. कोयना धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दक्षिण कोरियातल्या पोहांगला २०१७ मध्ये भू-औष्णिक प्रकल्पाने खाली सोडलेल्या पाण्यामुळे भूकंप झाला.

अंदाज कसा बांधतात?
बोअर अन् भूकंपमापकांच्या नोंदींवरून संगणकात भूगर्भाचं मॉडेल करतात. किती दाबाला कोणता भ्रंश सरकेल, हे त्यात तपासतात. कोयना भागात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल बोअर याच अभ्यासासाठी मारलं. पण नजरेतून सुटलेला भ्रंश मॉडेलमध्येही येत नाही.

ग्रामसभेत काय विचारावं?
असा प्रकल्प आला, तर भ्रंशांचा नकाशा मागा. धक्के किती वाढले की पंप बंद होणार? विहिरी-बोअरचं पाणी कोण तपासणार? उत्तरं लेखी घ्या.