थांबलेलें जातें

वृद्ध माणसांचा वेळ कसा जावा, हा प्रश्न अलीकडे घरोघर विचारला जातो, आणि त्याचें उत्तरही ठरल्यासारखें मिळतें : त्यांना देवळांत न्यावें, त्यांच्यापुढें दूरदर्शन लावून द्यावें, नातवंडें जवळ बसवावीं. या उपायांत वाईट असें कांहींच नाहीं. परंतु प्रश्नाच्या शब्दांतच एक चूक आहे, असें आम्हांस वाटतें. वेळ घालवावा लागतो तो ज्याच्यावांचून कोणाचें अडत नाहीं त्याला. पूर्वीच्या घरांतून म्हाताऱ्या माणसांच्या करमणुकीची निराळी तजवीज नव्हती. त्यांच्यावांचून अडत मात्र असे. हें अडणें कसें होतें आणि तें कोठें नाहींसें झालें, हें पाहण्यास परभणी जिल्ह्याचा इतिहास फार उपयोगीं पडतो.

अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचें तोंड पाहिलें, कीं गृहस्थानें अरण्याचा आश्रय करावा, असें मनुस्मृति सांगते. गोदाकांठच्या कुणब्यानें हें कधीं फारसें मनावर घेतलें नाहीं. आणि घेतलें असतें तरी परभणीच्या काळ्या रानांत अरण्य तें कितीसें मिळणार! येथला म्हातारा खळ्यावर राखणीस बसे, अंबाडीच्या वाखाचें चऱ्हाट वळी. म्हातारी देवापुढच्या वाती वळी, गोधडीला टांके घाली. चातुर्मासांत श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' वाचला जाई, तेव्हां वाचणारा कोणी पोरगा असला तरी त्याचें अडखळलेलें अक्षर दुरुस्त करणारें तोंड एखाद्या आजीचें असे. तिला अक्षरओळख नसेना कां, पोथी पाठ होती.

परंतु या सर्वांत मोठें काम जात्याचें. या जिल्ह्यांतील गंगाखेड हें जनाबाईचें गांव. तेथून ती पंढरपुरास नामदेवांच्या घरीं गेली, आणि दळतां कांडतां तिनें रचिलेले म्हणून सुमारें साडेतीनशें अभंग तिच्या नांवावर आहेत. पंढरपुरानजीक गोपाळपुरास तिचें जातें अजून दाखवितात. संतांच्या पादुका, वीणा, पोथ्या पूज्य झालेल्या पुष्कळ पाहावयास मिळतात. स्वयंपाकघरांतील कष्टाचें एक दगडी साधन त्या मानास पोंचावें, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

जात्यावर दोघी समोरासमोर बसत. खुंटा दोघींच्या हातीं, आणि मोकळ्या हातानें मूठमूठ वैरण घालावयाची. ज्या म्हातारीच्या दंडांत ओढण्याचें बळ उरलें नसे, ती वैरण घालण्यापुरती बसे. पण ओवी तिची असे. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सीतेचा वनवास, हे सारे विषय तिच्या कंठांत, आणि ओढणारी सून त्यांतूनच पुढची ओवी उचली. असें शिक्षण कोणत्याही शाळेवांचून शेंकडों वर्षें चाललें होतें, आणि त्याची शिक्षिका घरांतील सर्वांत थकलेली बाई होती.

इसवी सन १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सेलू, परभणी, पूर्णा यांवरून गेला. पुढें यंत्रें आलीं, आणि हळूहळू गांवोगांव पिठाची गिरणी फुकफुकूं लागली. गिरणीचा धिक्कार करणारे लेख आमच्या वाचनांत आले आहेत. ते लिहिणाऱ्यांपैकीं कोणी पहांटेच्या थंडींत सबंध घराची जोंधळ्याची रास ओढली असेल, असें वाटत नाहीं. दळण हा जाच होता. जात्यावरच्या ओव्यांतच त्याची तक्रार भरपूर आहे. गिरणीनें सुनेचे हात सोडविले, हें चांगलेंच झालें. फक्त त्याच दिवशीं सासूचा कंठही रिकामा झाला, हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. "आत्याबाई, आतां तुम्ही निवांत बसा," असें सून म्हणाली ती मायेनेंच म्हणाली; पण घरांतलें आपलें शेवटचें काम सुटलें, हें त्या म्हातारीला तेथेंच समजलें असावें.

पुढें ओव्या मागावयास परके लोक आले. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' मध्यें बायकांच्या मुखांतील ओव्या गोळा केल्या होत्याच. त्यानंतर हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यास राहिलेले गी प्वातव्हां यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या शेंकडों गांवांतून सुमारें एक लाख ओव्या जमविल्या. १९९६ सालीं परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांतील माजलगांवीं बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, त्यांत डॉ. आंबेडकरांवर त्यांनीं रचलेल्या ओव्याही आहेत. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या दप्तरखान्यानें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. विद्वानांस यापासून झालेला लाभ मोठा आहे. आमचें लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जातें : जिचें गाणें घरांत कोणी ऐकत नव्हतें तिच्यापुढें कोणी वही घेऊन बसला आणि म्हणाला, "बाई, सांगा, मला हें येत नाहीं."

पुरुषांची कथा थोडी निराळी आहे, आणि अधिक खेदाची. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यांत होती. दरबार उर्दू, वरचें शिक्षण उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें अध्यापनही उर्दूंतच. मराठी घरांतील मुलगा घरीं पोथी वाची आणि शाळेंत उर्दू गिरवी. राज्य गेल्यावर ही विद्या एका रात्रींत निरुपयोगी ठरली, आणि आजोबांचें उर्दू हा नातवांच्या थट्टेचा विषय झाला. मग २०२३ सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सरकारनें न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली. निजामकाळचीं दप्तरें उघडलीं, आणि उर्दू व मोडी वाचणारा माणूस कोठें सांपडतो, याची शोधाशोध सुरू झाली. ज्यानें १९४८ पूर्वीं तें शाळेंत गिरविलें होतें, तो तोंवर नव्वदीच्या आसपास असावयाचा. बहुतेक जण निघून गेले होते. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदल्या, आणि मधल्या पंचाहत्तर वर्षांत त्यांच्यापाशीं बसून तें अक्षर उचलावें, असें फारच थोड्यांस सुचलें.

२००७ सालीं आईबापांच्या निर्वाहाचा कायदा झाला. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांसाठीं मुलांकडे हक्कानें मागण्याची सोय त्यानें केली, हें योग्यच झालें. आपल्याला कांहीं विचारलें जावें, हें मात्र कोणत्याही न्यायाधिकरणापुढें मागतां येत नाहीं.

विचारण्यासारखें तर प्रत्येक घरांत आहे. गोदावरीचें पाणी कोणत्या सालीं घाटाच्या कितव्या पायरीला लागलें होतें. वाटणीच्या वेळीं बांध कोणत्या बाभळीपासून धरला. रझाकारांच्या दिवसांत घरचे लोक कोणत्या गांवीं जाऊन राहिले. कोणत्या ओवीनंतर कोणती येते. यासाठीं एक नातू आणि एक वही पुरे. मात्र वही त्यांच्यापुढें उघडावी, लिहिलेलें मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि चुकलें असेल तेथें त्यांना खोडूं द्यावें.