स्नायू, चरबी आणि संप्रेरके

पॉवर टिलर येण्यापूर्वी पेडणे-डिचोलीच्या शेतांत जोताला जुंपायच्या पाड्याचे खच्चीकरण करण्याची रीत होती. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर वाढूनही वळूची मान आणि वशिंड जसे भरते, तसे खच्ची केलेल्या बैलाचे भरत नाही. हा फरक प्रामुख्याने टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा.

पुरुषांत ते मुख्यतः वृषणांत तयार होते, रक्तावाटे स्नायूंत पोहोचते आणि तेथील प्रथिननिर्मितीला वेग देते. अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन यांच्या चमूने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबतीत बोलका आहे. दहा आठवड्यांत केवळ व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे २ किलो वाढले, व्यायामाविना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे ३ किलो, तर दोन्ही करणाऱ्यांचे ६ किलो. ही मात्रा उपचारासाठी देतात त्याच्या सहापट होती.

व्यायामशाळेतील तरुणाला मोह पडतो तो या सहा किलोंचा. मात्र मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी या संप्रेरकाच्या पातळीवर पाळत ठेवून असते. बाहेरून पुरवठा होताच ती वृषणांना आदेश देणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, प्रसंगी शून्यावर येतात. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही अंश चरबीत इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि छाती स्त्रीसारखी वाढू लागते. इंजेक्शन थांबवल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात, आणि कमावलेले स्नायू नेमके त्याच काळात ओसरतात.

स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन फारच कमी असते. त्यामुळे वजने उचलल्याने शरीर पुरुषी होईल ही भीती निराधार होय. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, चरबी पोटाकडे सरकते. खरे तर तेव्हाच हा व्यायाम अधिक गरजेचा.

इन्सुलिन स्नायूंतील प्रथिनांची झीज रोखते, तर दीर्घकाळ वाढलेले कॉर्टिसोल स्नायू झिजवून पोटावर चरबी साठवते. झोपेचा वाटा मात्र सहसा कोणी मोजत नाही. २०११ च्या एका अभ्यासात आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलेल्या निरोगी तरुणांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याला रात्रपाळी नवी राहिलेली नाही. पाळी संपवून थेट व्यायामशाळा गाठणाऱ्याने प्रथिनांच्या डब्याआधी झोपेचे तास मोजलेले बरे.